बातमा आपांचं बोलणं तोडलं, त्याची गोष्ट

जिपारा इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत दोनदा नापास झाली होती, आणि दोन्ही वेळा तिचं इंग्रजी चुकलं नव्हतं. चुकायला ती बोललीच नव्हती.

किर्गिझ डोंगरांतल्या कोचकोर गावाच्या पाहुणघरांच्या संघाचा नियम साधा होता. घोड्यावरून डोंगरात फिरायला येणारे परदेशी पाहुणे ज्या घरात उतरवायचे, त्या घरातल्या एकाला तरी इंग्रजीत धड बोलता आलं पाहिजे. त्यासाठी वर्षातून एकदा, मोसम सुरू होण्याआधी, बिश्केकहून परीक्षक बाई येत. त्या दोन-दोन उमेदवारांना समोरासमोर बसवत, एक विषय देत आणि म्हणत, बोला एकमेकांशी. नुसतं भाषण ठोकून भागायचं नाही. समोरच्याला विचारायचं, पटलं नाही तर तसं सांगायचं, तो लांबण लावत असेल तर त्याला थांबवायचं. पाहुण्यांशी गाठ पडली की हे सगळं करावंच लागतं.

पहिल्या वर्षी जिपाराच्या समोर मधमाश्या पाळणारे ‘असानाली आता’ आले; ‘आता’ म्हणजे किर्गिझमध्ये वडीलधाऱ्या पुरुषाला म्हणायचं ‘बाबा’. पांढरी दाढी, डोक्यावर उंच टोपी. त्यांनी आपल्या माश्यांची साद्यंत हकिगत सांगितली आणि जिपारा मान खाली घालून “हो आता, बरोबर आता” म्हणत राहिली. दुसऱ्या वर्षी समोर निवृत्त मुख्याध्यापक होते, तिच्या नवऱ्याला ज्यांनी शिकवलं ते. तेव्हाही तेच झालं. वडीलधाऱ्या माणसाचं बोलणं मध्येच तोडायचं? त्यापेक्षा नापास झालेलं बरं, असं तिला तेव्हा खरोखरच वाटलं होतं.

आता तसं वाटत नव्हतं. तिचा नवरा एर्मेक रशियात, येकातेरिनबुर्गला टॅक्सी चालवायचा. हिवाळ्यात त्याने फोनवर सांगितलं होतं, “या खेपेला जमलं तर बघू. नाहीतर ऑगस्टमध्ये तू इकडे ये. इथल्या एका लॉन्ड्रीत तुझं काम ठरवून ठेवलंय. सेझिम तिच्या आजीकडे, आपांकडे राहील.”

सेझिम आठ वर्षांची होती. समोरचे दोन दात पडलेले, त्यातून जीभ बाहेर काढून सगळ्या गल्लीला दाखवत फिरायची. शेजारच्या घरातल्या मुलीची आई मॉस्कोत होती. ती मुलगी शाळेत काढलेली चित्रं फोनच्या काचेला चिकटवून धरायची आणि विचारायची, “दिसलं का? आता दिसलं?” जिपाराने ते एकदा कुंपणापलीकडून पाहिलं होतं. त्यानंतर इंग्रजीचं पुस्तक उघडलं की तिला ती काच दिसायची.

आणि या वर्षी एक नवीनच संकट उभं राहिलं. तिच्या सासूबाईंनी, बातमा आपांनी, इंग्रजीच्या वर्गात नाव घातलं.

“घरातल्या एकाला यायला हवं ना?” आपा म्हणाल्या. “मग मी शिकते. तू जा नवऱ्याकडे. नवरा-बायकोने एका छताखाली असावं. घर मी बघते, पोरगी मी बघते, पाहुणेसुद्धा मीच बघते.”

“आपा, या वयात तुम्ही...”

“या वयात काय? दात गेले असतील, जीभ गेली नाही.”

ते खरं होतं. आपांची उभी हयात चीजच्या कारखान्यात गेली होती. यंत्रांच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायची सवय त्यांच्या अंगात भिनली होती. घरात त्या मीठ मागायच्या तरी रस्त्यावरचं कुत्रं उठून बसायचं.

वर्ग भरायचा वाचनालयाच्या मागच्या खोलीत. शिकवायचे तुर्दाकुन अगाय, म्हणजे गुरुजी. मूळचे ते जर्मनचे मास्तर. शाळेतून जर्मन उठलं तेव्हा त्यांनी पन्नाशीत स्वतःच पुस्तकं आणून इंग्रजी शिकून घेतलं. माणूस इतका भिडस्त, की विद्यार्थ्यांशी बोलताना खिडकीकडे बघायचा आणि दर चार वाक्यांनी म्हणायचा, “निदान पुस्तकात तरी असं दिलंय.”

एप्रिलमधल्या एका संध्याकाळी अगायांनी फळ्यावर मधोमध ‘वेळ’ हा इंग्रजी शब्द लिहिला आणि त्याच्याभोवती बाण काढले.

“आज याच्या जोड्या,” ते खिडकीला म्हणाले. “इंग्रजीत काही शब्द ठरावीक शब्दांबरोबरच नांदतात. दुसऱ्याबरोबर बसवले तर ऐकणाऱ्याला खटकतं. वेळ हे लोक पैशासारखा खर्च करतात. वाचवतात. वाया घालवतात. कधी एखाद्यासाठी मुद्दाम काढतात. काही काम नसलं, वाट बघायची असली, की मग त्याला... मारतात.”

“मारतात?” आपा ओरडल्या. “वेळेला?”

“ठार मारतात, आपा. निदान पुस्तकात तरी.”

“आपण मेंढरू मारतो, तर चार माणसं जेवतात. हे मारून खात काहीच नाहीत?”

मागच्या बाकावरून केन्जे हसला. केन्जे बिश्केकच्या रस्त्यावर व्हॅन चालवायचा आणि परदेशी प्रवाशांनी आपल्याकडे बघून हसावं एवढ्यासाठी वर्गाला यायचा. “आपा, माझ्या गाडीत बसा. गाडी भरेपर्यंत अड्ड्यावर आम्ही रोज मारतो. मुडदे मोजायला माणूस लागेल.”

“तू गप रे. तुझी गाडी भरेपर्यंत बसणाऱ्याची दाढी उगवते. बरं अगाय, आणि वाचवलेला वेळ ठेवतात कुठे?”

“ठेवत नाहीत, आपा. दुसरीकडे खर्च करतात.”

“म्हणजे वाचवला कुठे?”

अगायांनी खिडकीकडे बघून बराच विचार केला. “हे मलाही कधी नीट समजलं नाही,” ते म्हणाले.

मग त्यांनी एकेकाला प्रश्न विचारले. तुमच्या घरापासून उन्हाळी कुरणापर्यंत जायला किती वेळ लागतो? केन्जेने तास सांगितले. आपा म्हणाल्या, “घोडीचं एकदा दूध काढून पुन्हा काढायची पाळी येईल तेवढा.” अगाय म्हणाले, आपा, परदेशी पाहुण्याला घोडीचं काय कळणार? त्यावर आपा म्हणाल्या, मग त्याने घोडीपाशी जाऊन बसावं, आपोआप कळेल.

जिपाराची पाळी आली. तिने सगळ्या जोड्या एका दमात, न अडखळता म्हणून दाखवल्या. नंतर एकेकीचं वाक्यही केलं. वर्गात तिच्याइतकं स्वच्छ कोणालाच येत नव्हतं, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. अगायांनी तिला वर्ग सुटल्यावर थांबवून घेतलं.

“जिपारा, तुला मी शिकवावं असं आता काही उरलं नाही,” ते म्हणाले. “पण ते... मध्ये बोलणं. ते मला शिकवता येत नाही. मला स्वतःलाच कधी जमलेलं नाही. माझ्या लग्नात माझा मामेभाऊ शुभेच्छा द्यायला उभा राहिला तो मांस गार होईपर्यंत बोलला, तरी मी गप्प बसलो.”

केन्जे दारातच होता. तो म्हणाला, “मी पाहुणा बनतो. बोल वहिनी, माझं बोलणं तोड.” आणि त्याने आपल्या गाडीच्या क्लचची इंग्रजीत तक्रार सुरू केली. जिपारा ऐकत राहिली. तोंड दोनदा उघडलं, दोनदा मिटलं. शेवटी ती म्हणाली, “कृपा करून पुढे सांगा.”

“वहिनी, अगं मी तुझ्याहून लहान आहे!”

“तू क्लचबद्दल इतक्या कळवळ्याने सांगत होतास,” जिपारा म्हणाली. “मला वाईट वाटलं.”

सासरी येऊन तिला अकरा वर्षं झाली होती. इथल्या रिवाजाप्रमाणे सासऱ्यांचं नाव तिने एकदाही उच्चारलं नव्हतं. मागे वर्गात घरच्यांची ओळख इंग्रजीत करून द्यायची होती, तेव्हाही ती “घरातले उंच, आज हयात नसलेले” एवढंच म्हणाली होती. आपा बाजूला बसून समाधानाने मान हलवत होत्या.

परीक्षेचा दिवस मेच्या अखेरीस आला. संस्कृती भवनाच्या दालनात टेबल मांडलं होतं. बिश्केकच्या बाई आल्या आहेत म्हटल्यावर गावाने रीतीप्रमाणे टेबलावर पाहुणचारही मांडला होता: कणकेचे तळलेले बोरसोक, साय, जर्दाळूचा मुरंबा, चहाची किटली आणि वाट्या. परीक्षक बाईंचं नाव होतं ‘असेल कादिरोव्ना’. बारीक अंगाच्या, कडक इस्त्रीच्या होत्या. त्यांनी बोरसोकांच्या ताटाकडे एकदा पाहिलं, ते हटवायला सांगणं बरं दिसणार नाही हे ओळखलं आणि कागद पुढे ओढले. उमेदवारांच्या घरची माणसं भिंतीलगतच्या खुर्च्यांवर दाटीवाटीने बसली होती. सेझिमही होती, केन्जेच्या मांडीवर.

जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरायच्या. बाईंनी टोपीतून दोन चिठ्ठ्या काढल्या आणि वाचल्या. पहिलं नाव जिपाराचं. दुसरं बातमा आपांचं.

दालनात कोणीतरी “अरे देवा” म्हणालं. ते अगाय होते. ते उठले, टेबलापर्यंत गेले आणि इस्त्रीच्या कॉलरकडे बघत म्हणाले, “बाई, या दोघी... एका घरातल्या आहेत. सासू-सून. जरा बदलता आलं तर...”

“नियमात तसं काही नाही,” असेल कादिरोव्ना म्हणाल्या. “घरचे असले तर उलट बोलणं सोपं जाईल.”

अगाय परत येऊन बसले आणि त्यांनी चष्मा काढून ठेवला. पुढचं त्यांना बघवणार नव्हतं.

जिपारा टेबलाशी जाऊन बसली. असानाली आता परके होते, मुख्याध्यापक परके होते. ही तर सासू. सकाळी उठल्यावर जिला वाकून सलाम करायचा ती.

समोर बसता बसता आपा कुजबुजल्या, “घाबरू नकोस. मी बोलते. तू हो म्हण.”

“विषय,” असेल कादिरोव्ना म्हणाल्या, “तुम्ही तुमचा वेळ कसा घालवता. पुरेसा वेळ मिळतो का, आणि मिळाला तर काय कराल. दहा मिनिटं. सुरू करा.” आणि त्यांनी फोनवर गजर लावला.

आपांनी पदराला हात पुसावेत तसे हात झग्याला पुसले आणि सुरुवात केली. त्यांचं इंग्रजी म्हणजे दगड रचलेलं कुंपण होतं. मधे फटी होत्या, पण उभं राहायचं.

“मी वेळ वाया नाही घालवत. कधीच नाही. कारखाना, मी वेळेवर. रोज. बर्फ, मी वेळेवर. मूल झालं, मी वेळेवर. पाहुणा येईल, चहा वेळेवर. माझी सून चांगली. पण वेळ फार खर्च करते. पुस्तकावर. पुस्तक, पुस्तक. नवरा तिकडे. एकटा. नवऱ्यासाठी वेळ काढत नाही. ती जाईल. ऑगस्टमध्ये. पाहुण्यांसाठी माझ्याकडे वेळ पुष्कळ.”

“हो, आपा,” जिपारा म्हणाली.

असेल कादिरोव्नांच्या पेनाने कागदावर काहीतरी लहानसं लिहिलं. जिपाराला ते उलटं दिसलं, पण काय लिहिलंय ते तिला कळलं. दोन वर्षं तेच लिहिलं गेलं होतं.

आपा पुढे निघाल्या. कारखान्यातली पाळी, पाळीत मिळणारी सुटी, सुटीत त्यांनी विणलेले मोजे. त्यांचं बोलणं सलग होतं. त्यात श्वास घ्यायची जागा दिसत नव्हती. “सेझिम लहान,” त्या म्हणाल्या. “लहान मूल विसरतं. थोडा वेळ रडेल. मग वेळ जाईल. वेळ सगळं बरं करतो.”

भिंतीकडून सेझिमने हात हलवला. तिला इंग्रजी येत नव्हतं, फक्त आपलं नाव ऐकू आलं होतं, आणि आपलं नाव एवढ्या मोठ्या बाईंपुढे निघालं म्हणून ती दात नसलेलं तोंड भरून हसत होती.

जिपाराने तोंड उघडलं. शब्द तयार होते, रांगेत उभे होते. पण समोर आपा बोलत होत्या आणि अकरा वर्षांची सवय दारात आडवी पडली होती. मग तिचा हातच पुढे झाला. विचार करून झाला असं नाही. सुनेचा हात जेवणाच्या दस्तरखानावर जे करतो ते त्याने केलं. किटली उचलली, वाटीत निम्म्यापर्यंत चहा ओतला, आणि दोन्ही हातांनी वाटी आपांपुढे धरली.

सुनेने दोन्ही हातांनी दिलेली वाटी बाजूला सारता येत नाही. आपांनी घेतली. घेतली म्हणजे प्यायला लागणार. त्यांनी वाटी ओठाला लावली, आणि दालनात शांतता झाली.

“आपा म्हणतात ते खरं नाही,” जिपारा इंग्रजीत म्हणाली.

तिचा स्वतःचा आवाज तिला ओळखू आला नाही. पण तो थांबेना. “मी पुस्तकावर घालवलेला वेळ वाया गेलेला नाही. सगळे झोपल्यावर मी तो माझ्या झोपेतून काढला, कोणाच्या वाटणीचा घेतला नाही. आणि मूल विसरत नाही. मूल वाट बघतं. वाट बघण्यात त्याचं बालपण संपतं. ते संपल्यावर मी कितीही पैसे घेऊन आले, तरी तो वेळ मला परत विकत मिळणार नाही.”

आपांनी वाटी खाली ठेवली. “पण...”

दुसरी निम्मी वाटी पुढे आली होती. कमी ओतायचं आणि पुन्हा पुन्हा ओतायचं, यात मान असतो. आपांना ती घ्यावी लागली. भिंतीलगत केन्जेने “वा वहिनी!” असा दबका हुंकार भरला. अगायांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

“आणि एर्मेक,” जिपारा म्हणाली, “त्याच्यासाठी मी वेळ काढत नाही, असं आपा म्हणाल्या. मी लॉन्ड्रीत बारा तास उभी राहीन, तो गाडीत चौदा तास बसेल, आणि मधला उरलेला वेळ आम्ही दोघं झोपू. याला एकत्र वेळ घालवणं म्हणतात का? आमच्या घरात चार पाहुणे उतरले तर तो घरी परतून स्वतःच त्यांना घोड्यावरून कुरणात नेईल. त्याच्याइतकी वाट कोणाला ठाऊक आहे? आपा, तुम्हीच सांगा.”

प्रश्न विचारून झाल्यावर तिने तिसऱ्यांदा किटली उचलली. पण या वेळी आपांनी तळहात वाटीवर पालथा ठेवला. पुरे, असं सांगायची ती खूण. आता काही ओतता येत नव्हतं.

“तू,” आपा इंग्रजीत म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज कारखान्याचा झाला, “तू लबाड! चहा देऊन माझा वेळ चोरला!”

“चोरला नाही आपा. उसना घेतला. वेळेवर परत करते आहे. बोला.”

“एर्मेकला वाट ठाऊक. ते खरं. पण पाहुणा आजारी? घोडा लंगडा? तू काय करशील? तू तर ‘हो आपा’ म्हणते! वेळ मारते!”

“घोडा लंगडला तर पाहुण्याला खाली उतरवीन. तो ऐकणार नाही, तर ओरडेन.”

“तू? ओरडशील?” आपा टेबलावर वाकल्या. “कसं?”

“असं!” जिपारा म्हणाली, आणि ओरडली. “उतरा खाली! वेळ दवडू नका!”

असेल कादिरोव्ना खुर्चीत मागे सरकल्या. रस्त्यावर खरोखरच एक कुत्रं भुंकलं.

त्यानंतर दोघींना आवरणं कोणाच्या हातात राहिलं नाही. आपा म्हणाल्या, लाकडं पेटायला वेळ लागतो, तू घाई करते. जिपारा म्हणाली, तुम्ही सावकाश म्हणता म्हणता पाहुणे थंडीने काकडतील. आपा म्हणाल्या, माझ्या काळी. जिपाराने वाक्य मध्येच तोडलं: तुमच्या काळी आपा, तुम्ही कारखान्यात असताना एर्मेकला कोणी सांभाळलं? आपा म्हणाल्या, माझ्या सासूने. मग फटीफटीतून म्हणाल्या, “मी रोज संध्याकाळी घरी. उशिरा. पण घरी. रोज.”

“मला तेवढंच हवंय,” जिपारा म्हणाली.

गजर वाजला. तो वाजतो आहे हे कोणाला लवकर कळलंच नाही. शेवटी असेल कादिरोव्नांनी फोन उचलून बंद केला. त्यांनी कागदावर लिहिलं, खोडलं नाही, सरळ लिहीत गेल्या. मग ताटातला एक बोरसोक उचलला, सायीत बुडवला आणि खाल्ला.

“दोघी पास,” त्या किर्गिझमध्ये म्हणाल्या. “सुनेला आज आतापर्यंतचे सर्वांत जास्त गुण. पण संघाच्या नोंदीत घरटी एकच नाव जातं. पाहुण्यांची जबाबदारी त्या माणसाची. कोणाचं लिहू?”

जिपारा आपांकडे वळली. रीतीप्रमाणे हे आपांनी सांगायचं होतं. तिने मान खाली घातली नाही, एवढंच.

आपांनी झग्याची बाही ओढली, भिंतीकडे बघितलं. सेझिम केन्जेच्या मांडीवरून उतरून मधल्या मोकळ्या जागेत आली होती.

“हिचं लिहा,” आपा म्हणाल्या. “माझं लिहिलंत तर रोज चहा पाजून पाजून ही मला मारेल. या वयात माझं मूत्राशय तेवढं राहिलं नाही.”

आधी केन्जे हसला, मग सगळं दालन हसलं. अगाय टाळ्या वाजवायला लागले. आपण एकटेच वाजवतो आहोत असं वाटून थांबले, आणि सगळे वाजवायला लागले तेव्हा पुन्हा सुरू झाले. असानाली आता आपल्या जागेवरून म्हणाले, “पोरीला एवढं येत होतं, तर माझ्या वेळी का नाही बोलली? मी उगाच सगळ्या माश्या सांगत बसलो!”

बाहेर पायऱ्यांवर वारा सुटला होता. आपांनी फोन काढला आणि एर्मेकला लावला. त्याचा चेहरा दिसला, मागे टॅक्सीची सीट.

“तुझ्या बायकोने माझं बोलणं तोडलं!” आपा फोनवर ओरडल्या. “सगळ्या गावादेखत! बिश्केकच्या बाईसमोर! एकदा नाही, कितीदा तरी!”

एर्मेकचा चेहरा पडला. “आपा, तिच्या वतीने मी माफी...”

“माफी कशाची मागतोस, गाढवा? तुझ्या बापालासुद्धा हे आयुष्यात जमलं नाही! घे, बोल तिच्याशी.”

फोन जिपाराच्या हातात आला. एर्मेक गोंधळून म्हणाला, “काय झालं? पास झालीस? बरं, हे बघ, ऑगस्टचं तिकीट मी आधीच बघून ठेवलंय, तर आपण असं करू की...”

“एर्मेक,” जिपारा म्हणाली. “थांब. माझं बोलणं संपू दे.”

तो थांबला. ती बोलायला लागली. आपा पायरीवर बसून ऐकत होत्या आणि प्रत्येक वाक्याला, कारखान्याच्या आवाजात, म्हणत होत्या, “बरोबर! पुढे सांग!”